ससा खात नाही, लेंड्याही थांबल्या: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने आणि कधी थांबायचं

घरात ससे पाळणाऱ्यांकडून मला येणारे बहुतेक फोन याच एका तक्रारीचे असतात. काल रात्री नीट होता, आज कोपऱ्यात बसून आहे, गाजर धरलं तरी तोंड फिरवतो. माझ्याकडच्या सशांचंही हे होऊन गेलंय, एकाचं तर पुन्हा पुन्हा. त्यातून तपासण्यांचा जो क्रम बसला तो इथे देतो. आधी फुकटात आणि दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टी, मग वेळ आणि पैसा लागणाऱ्या.

लक्षणं

- वाळक्या गवताला तोंड लावत नाही. कधी पेलेट (दाबून बनवलेल्या गोळ्यांचं तयार खाद्य) सोडतो पण कोथिंबीर खातो, कधी काहीच नाही.
- ट्रेमधल्या लेंड्या कमी झाल्या, लहान झाल्या, वेड्यावाकड्या आकाराच्या किंवा केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसतात. पुढच्या टप्प्यात लेंड्या येतच नाहीत.
- पाय पोटाखाली घेऊन गोळा होऊन बसतो, डोळे अर्धवट मिटलेले. किंवा उलट, पोट जमिनीला टेकवून ताणतो, उठतो, पुन्हा ताणतो.
- दात जोरात करकरा वाजवतो. कुरवाळताना येणारा हलका कटकट आवाज समाधानाचा असतो. हा त्याहून मोठा असतो आणि हात न लावताही येतो.
- हाक मारली, डबा वाजवला तरी येत नाही.

यातलं एक लक्षण दिसलं तर लक्ष ठेवा. दोन एकत्र दिसली तर पुढच्या तपासण्या लगेच करा, संध्याकाळवर ढकलू नका.

घाई का, ते आधी सांगतो. सशाचं पोट सतत चालू राहण्यासाठी बनलेलं आहे. गवतातला लांब तंतू आतडं हलतं ठेवतो, आणि आंधळ्या आतड्यातले (लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथली एका टोकाला बंद पिशवी) जिवाणू उरलेल्या भागाचं पोषण बनवतात. खाणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, आतला ऐवज सुकतो, गॅस धरतो, पोट दुखतं. आणि पोट दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. त्याला उलटी करता येत नाही, म्हणजे बाहेर पडायची वाट एकच. त्यात उपाशी राहिला तर यकृतावर चरबी चढते, जाड सशात तर फार लवकर. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर आपण उद्यापर्यंत थांबतो. सशाच्या बाबतीत तसं थांबायचं नाही.

पोट थांबणं हा परिणाम असतो, मूळ दुखणं दुसरीकडे असतं. म्हणून नुसतं पोट चालू करून भागत नाही. कारण तसंच राहिलं तर महिन्याभरात पुन्हा तेच.

हे दिसलं तर पुढचं वाचू नका, डॉक्टरकडे निघा

दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंडीही नाही. पोट अचानक फुगून ताठ झालं. कान गार पडले आणि अंग सैल झालं. तोंड उघडून श्वास घेतोय (ससा नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे उघडं तोंड म्हणजे प्रकरण गंभीर). मान एका बाजूला वळली किंवा मागचे पाय ओढतोय. पातळ पाण्यासारखी जुलाब होतायत. शेपटीखाली ओलं आहे आणि त्यात अळ्या दिसतायत; पावसाळ्यात माश्या काही तासांत हे करतात. यातल्या कशावरही घरगुती इलाज नाही.

पहिली तपासणी: घड्याळ आणि आवडीचा पाला

ससे पहाटे आणि संध्याकाळी चरतात, दुपारी लोळतात. दुपारी दोन वाजता खात नाही म्हणून घाबरलेले पुष्कळ लोक मला भेटलेत. त्याची चरण्याची वेळ चुकली असेल तर मात्र खरोखर काहीतरी बिघडलंय. त्याला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट नाकासमोर धरा. कोथिंबिरीची काडी, गाजराचा पाला, तुळशीचं पान, जे असेल ते. लगेच ओढून घेतलं तर वेळ हाताशी आहे. हुंगून सोडलं, तर दुखतंय. तोंडात घेऊन खाली टाकलं, तर संशय दातांवर न्या; त्याबद्दल पुढे.

दुसरी: ट्रे

निरोगी ससा दिवसाला दोनशे ते तीनशे लेंड्या टाकतो. मोजत बसू नका. रोज ट्रे साफ करणाऱ्याच्या नजरेत तो ढीग बसलेला असतो, आज अर्धा आहे का एवढंच बघा. चांगली लेंडी गोल, कोरडी असते, बोटांत चुरली की आत गवताचा भुसा दिसतो. काळपट, छोट्या, कडक लेंड्या म्हणजे पाणी किंवा गवत कमी पडतंय.

इथे एक गोंधळ नेहमीचा. द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत, वास येणाऱ्या गोळ्या जमिनीवर दिसल्या की लोक जुलाब समजतात. त्या आंधळ्या आतड्यातून येतात, आणि ससा त्या थेट गुदद्वारातूनच खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. त्या जमिनीवर उरतात याचा अर्थ एक तर पेलेट आणि गोड खाऊ जास्त झालाय, नाहीतर जाडीमुळे किंवा पाठदुखीमुळे त्याचं तोंड तिथपर्यंत पोचत नाही.

दोन ससे एकत्र असतील तर ट्रे खोटं बोलतो. एकाच्या लेंड्यांनी दुसऱ्याचं थांबलेलं पोट झाकलं जातं. मध्ये जाळी लावून दोघांना रात्रभर वेगळं ठेवा, पण एकमेकांना दिसतील असं. पूर्ण ताटातूट केली तर त्या ताणानेच दुसराही खायचा थांबतो.

तिसरी: पाणी

पिंजऱ्याला अडकवायच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकते. बाटली भरलेली दिसते, आपण निर्धास्त असतो, ससा कालपासून तहानलेला. बोटाने गोळी दाबून पाणी येतं का बघा. खरं सांगायचं तर बाटली काढूनच टाका. जड, चिनीमातीचं, पसरट भांडं ठेवा. ससे भांड्यातून जास्त पाणी पितात, आणि किती प्यायला ते दिसतंही. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 50 ते 150 मिलिलिटर हा अंदाज. ओला पाला भरपूर खाणारा कमी पितो. पाण्याशिवाय आतड्यातलं गवत पुढे सरकत नाही. आत्ता पीत नसेल तर पाला धुवून न झटकता ओलाच द्या.

चौथी: खोली

पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, तेही बिळात राहणारे. तिथे जमिनीखाली गारवा असतो. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. सशाला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून जाते. खोलीचं तापमान 28-30 अंशांच्या वर गेलं की खाणं कमी होतं, त्याच्याही वर उष्माघात.

कान हातात धरून बघा. लालसर, गरम आणि श्वास भराभर चालू असेल तर त्याला गार फरशीवर आणा. कानांना बाहेरून साध्या गार पाण्याचा ओला हात लावा. बर्फाचं पाणी नको, आंघोळ तर मुळीच नको. धक्क्याने ससे दगावतात. बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली की तो स्वतःच टेकून बसतो. नागपूर-अकोल्याकडे खिडकी उघडी ठेवून कूलर उत्तम काम करतो. मुंबईत आणि कोकणात कूलर हवेत दमटपणा वाढवण्यापलीकडे काही करत नाही; तिथे पंखा, गोठवलेली बाटली आणि दुपारचे चार तास एसी.

कान गारठलेले असतील तर मामला उलटा आणि जास्त वाईट. सशाचं अंग साधारण 38.5 ते 39.5 अंश सेल्सिअस गरम असायला हवं. गार पडलेला ससा आतून खचत चाललेला असतो. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याला ऊब द्या आणि तशाच अवस्थेत डॉक्टरकडे न्या.

खोलीचंच आणखी एक: आवाज. दिवाळीचे फटाके, खालून जाणारे ढोल, पाहुण्यांची पोरं, खिडकीत येऊन बसणारं मांजर. भीतीने आतडं मंदावतं, हे उघड कारण नेमकं विसरलं जातं. पलंगाखाली पुठ्ठ्याचं दोन तोंडांचं खोकं ठेवा आणि त्याला तिथे राहू द्या. समजूत काढायला उचलून मांडीवर घेऊ नका.

पाचवी: गवत

वारंवार बिघडणाऱ्या बहुतेक प्रकरणांची मुळं मला इथेच सापडलीत, त्यामुळे इथे जरा थांबतो.

सशाच्या आहारात चार-पंचमांशहून जास्त वाळकं गवत हवं, चोवीस तास समोर, हवं तेवढं. प्रत्यक्षात घराघरांत काय दिसतं? वाटीभर रंगीबेरंगी तयार खाद्य, गाजर, कोबी, आणि गवत म्हणून मूठभर कोपऱ्यात टाकलेलं. त्या रंगीत खाद्यातून ससा मका आणि बिया निवडून खातो, बाकी तसंच. पोट भरतं आणि आतड्याला तंतू मिळत नाही. साधे, एकाच रंगाचे पेलेट घ्या, मोठ्या सशाला दर किलो वजनामागे रोज 20-25 ग्रॅम पुरे. त्याहून जास्त दिले की तो गवत खात नाही, मग लोक म्हणतात, "आमच्या सशाला गवत आवडतच नाही."

आयात केलेलं टिमोथी गवत महाग पडतं, हे मान्य. पण दूर्वा म्हणजेच हरळी, आणि हरळीचं वाळकं गवत सशाला उत्तम. ओटचं वाळवलेलं गवतही चांगलं. ताजी हरळी आणलीत तर रस्त्याकडेची नको, तिथे कुत्री मुततात आणि फवारणीही झालेली असते. सोसायटीच्या लॉनवर मशीनने कापलेल्या गवताचा ढीगही नको, तो काही तासांत आंबतो आणि पोटात गॅस करतो.

लसूणघास आपल्याकडे सहज मिळते, स्वस्त असते आणि ससा तिच्यावर तुटून पडतो, म्हणून पुष्कळ घरांत तेच मुख्य अन्न झालेलं असतं. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना ती चालते. मोठ्या सशाला रोज दिली तर प्रथिनं आणि कॅल्शियम फार होतं. सशाच्या शरीरात जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, आणि ते मूत्राशयात साचलं की लघवी पांढरट, दाट होते, ससा ट्रेमध्ये कुंथत बसतो. दुखतं, म्हणून खाणं सोडतो. लोक पोटाचे उपाय करत राहतात आणि दुखणं असतं मूत्राशयात. (नारिंगी-लालसर लघवी मात्र दरवेळी रक्त नसते. पाल्यातल्या रंगद्रव्यांनी ती तशी होते. शंका असेल तर तपासून घ्या, पण रात्री दोनला रडू नका.)

पावसाळ्यात गवताची पिशवी उघडून नाक आत घाला. कुबट वास, पांढरी भुकटी, काळे ठिपके दिसले तर सगळी पिशवी फेका. बुरशीचं गवत ससा शहाणपणाने टाळतो आणि आपण त्यालाच हट्टी ठरवतो. गवत बंद प्लास्टिकमध्ये ठेवू नका. कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवा, ऊन पडलं की पसरा.

आहार बदलायचा तर दोन आठवड्यांत हळूहळू. पोट आत्ता थांबलेलं असताना एकदम नवं काही सुरू करू नका.

सहावी: काय खाल्लं, ते घरातल्यांना विचारा

ही तपासणी फुकट आहे पण अवघड, कारण कोणी कबूल होत नाही. बिस्किट, पोळीचा तुकडा, पोहे, केळं, प्रसादाचा साखरफुटाणा. पिठूळ आणि गोड पदार्थांनी आंधळ्या आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल ढळतो आणि गॅस होतो. आजीला दोष न देता विचारा, खरं उत्तर तेव्हाच मिळतं.

मग जमिनीवर बसून सशाच्या उंचीवरून घर बघा. गालिच्याचे दोरे, मुलांच्या फोमच्या चटईचे कुरतडलेले कोपरे, चार्जरची वायर, प्लास्टिकची पिशवी. रबर किंवा कापडाचा तुकडा गायब असेल तर आतडं तुंबलेलं असण्याची शक्यता धरा आणि इथूनच डॉक्टरकडे जा. कुंडीतला मनी प्लांट खाल्ला असेल तर तोंड भाजल्यासारखं होतं, लाळ गळते. कण्हेर आणि रुई त्याहून कितीतरी विषारी.

गळालेले केस हे कारण म्हणून फार बदनाम आहेत. ससा अंग चाटतो, केस पोटात जातात, आणि चालत्या आतड्यातून निघूनही जातात. आतडं मंद झालं की साचतात. केस झडायच्या दिवसांत रोज विंचरा, पण केसांवर ठपका ठेवून गवत आणि पाणी तपासायचं सोडू नका.

मादी असेल आणि तोंडात गवताच्या काड्या धरून कोपऱ्यात नेत असेल, छातीचे केस उपटत असेल, तर ती खोट्या गाभणपणात असू शकते. अडीच आठवड्यांत ओसरतं. तोवर खाते-हगते का एवढं पाहा.

सातवी: पोट आणि दात

इथून पुढे हात लावायचाय, म्हणून आधी एक ताकीद. सशाला पाठीवर उताणं करू नका. तो निपचित पडतो ते भीतीने. घाबरून त्याने मागचे पाय झाडले तर पाठीचा कणा मोडू शकतो. जमिनीवर बसा, त्याला गुडघ्यांमध्ये घ्या, एक हात छातीखाली ठेवा.

पोट दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. मऊ, दबणारं असेल तर ठीक. कणकेचा गोळा हाताला लागला तर ऐवज सुकलाय. ताठ आणि फुगलेलं असेल तर हात काढा, चोळू नका, काही भरवू नका. पोट मऊ असेल तर त्याला खोलीत मोकळं सोडा. चालण्याने आतडं हलतं आणि गॅस सरकतो.

पुढचे दात ओठ बाजूला करून दिसतात. आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात आणि गवत चावून झिजतात. वाकडे, एकमेकांवरून गेलेले दिसले तर कारण सापडलं. नेलकटरने ते कापू नका, दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. दाढा मात्र तुम्हाला दिसणार नाहीत. त्यांच्या खुणा बाहेर शोधा: हनुवटी ओली, खालच्या जबड्यावर हाताला उंचवटे, एकाच डोळ्यातून सतत पाणी, घास तोंडात घेऊन टाकणं, कडक सोडून मऊ तेवढंच खाणं. कान पडलेल्या आणि चपट्या तोंडाच्या सशांत हे जास्त. महिन्या-दोन महिन्यांनी पोट थांबणारा ससा असेल आणि गवत-पाणी व्यवस्थित असेल, तर मी पैज दाढांवरच लावेन.

भरवायचं की नाही

सिरिंजने भरवणं उपयोगी असतं, पण आतडं तुंबलेलं नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच. तुंबलेल्या पोटात भरलेलं अन्न जीव घेतं. परवानगी मिळाली की पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ करा किंवा आजारी सशांसाठी मिळणारी पूड वापरा. सुईशिवायची सिरिंज तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांमागे घाला. अर्धा-एक मिलिलिटर सोडा, तो चावून गिळेपर्यंत थांबा. मान मागे टाकू नका, फुफ्फुसात जातं. किती आणि किती वेळा हे त्याच्या वजनावर डॉक्टर ठरवतील.

बाळाचे गॅसचे थेंब पुष्कळ जण देतात. त्यांनी मूळ कारण जात नाही, आणि त्यांत बडीशेप-शेपूचं तेल, साखर असं काहीबाही असतं. डॉक्टरांना बाटली दाखवून विचारा. घरातली पॅरासिटामॉल वगैरे माणसांची औषधं अजिबात नाहीत. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं दुसरं अँटिबायोटिक सशाला घातक ठरतं, ते आतड्यातले उपयोगी जिवाणूच मारतं. पिसवांसाठी कुत्र्या-मांजरांना लावतात ते फिप्रोनिलही सशाला चालत नाही. दुकानदार किंवा शेजारी काहीही म्हणोत.

डॉक्टर कोणता

कुत्र्या-मांजरांचा उत्तम डॉक्टर सशाचा असेलच असं नाही, म्हणून ससा ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. फोनवर एकच प्रश्न विचारा: "शस्त्रक्रियेआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवायचं का?" हो म्हणाले तर आभार मानून दुसरा नंबर लावा. ससा उलटी करत नाही, त्याला उपाशी ठेवायची गरज नसते, उलट धोका असतो. जवळ कोणी सापडत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: मुंबईत परळ, साताऱ्याकडे शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर. सशांसाठी कोण कधी बसतं ते आधी फोन करून विचारा.

निघताना टोपलीत टॉवेल आणि गवत घाला. जोडीदार ससा असेल तर त्यालाही सोबत न्या. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा. शेवटचं कधी खाल्लं, शेवटची लेंडी कधी टाकली, आजचं वजन आणि रोज काय खातो हे कागदावर लिहा, ताज्या लेंड्या डबीत घ्या. तिथे वेदनाशामक, सलाईन आणि बहुधा एक्स-रे होईल. एक्स-रेला खर्च होतो म्हणून टाळू नका, तुंबलंय की नुसतं मंदावलंय हे त्याशिवाय नीट कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. हेच दुसऱ्यांदा झालं असेल तर दाढा आतून बघायला तुम्हीच सांगा.

घरी आणल्यावर पहिल्या लेंड्या लहान आणि वेड्यावाकड्या येतील, त्या चालतील. औषधाचा कोर्स पुरा करा, ससा उड्या मारायला लागला तरी. दर आठवड्याला एकाच दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. दाढांचं दुखणं खाणं थांबायच्या बरंच आधी वजनात दिसतं, आणि तेव्हा गेलात तर सलाईनची वेळ सहसा येत नाही.